रंगाखालचें जहाज

शाळेच्या प्रदर्शनांत लांकडी जहाजाची प्रतिकृति मांडलेली असली, म्हणजे पाहणारांची दृष्टि प्रथम तिच्या उंच डोलकाठ्यांकडे जाते, मग बारीक दोरांच्या जाळ्याकडे, आणि मग काळ्या-पांढऱ्या रंगाच्या झळकेकडे. रंगाखालीं फळ्या कशा बसविल्या आहेत, हें क्वचितच कोणी विचारतो. डोलकाठी मोडली तर नवी उभारतां येते, दोर तुटला तर दुसरा बांधतां येतो. पण जहाजाचें अंगच वांकडें झालें, तर त्यास उपाय नाहीं. म्हणून ह्या लेखांत आम्ही केवळ त्या अंगाविषयीं, म्हणजे प्रतिकृतीच्या फळ्या व तिचा रंग ह्यांविषयीं लिहिणार आहों.

लिहिण्यास दोन प्रश्न कारण झाले. हस्तव्यवसायाच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस विचारतात, "सर, रंग केव्हां द्यावयाचा?" आणि त्यांचे पालक विचारतात, "परीक्षा तोंडावर आली असतां मुलांनीं लांकडाच्या पट्ट्या चिकटवीत बसावें, ह्यांत लाभ तो कोणता?" पहिला प्रश्न उतावळेपणाचा आणि दुसरा काळजीचा आहे, परंतु आमच्या मतें दोहोंचें उत्तर एकाच ठिकाणीं सांपडतें. तें शोधण्यापूर्वीं ज्या जहाजाची प्रतिकृति करावयाची, त्याची ओळख करून घेऊं.

मुंबईचें एक जहाज

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें बंदर आहे. तेथें 'ट्रिंकोमली' नांवाचें एक जुनें लढाऊ जहाज जतन करून ठेविलें आहे. तें बांधलें गेलें आपल्या मुंबईंत. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, आणि तेव्हांपासून कित्येक पिढ्या त्यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत जहाजें बांधलीं. त्याच घराण्यांतील जमशेटजी बमनजी वाडिया हे 'ट्रिंकोमली'चे कर्ते. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धाच्या काळांत इंग्लंडांत ओकच्या लांकडाचा तुटवडा पडला, म्हणून मलबारी सागाचीं जहाजें मुंबईस बांधविण्यांत आलीं. ह्या जहाजाचे नकाशे प्रथम 'जावा' नांवाच्या जहाजावरून धाडले होते; परंतु डिसेंबर १८१२ मध्यें अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजानें 'जावा'चा पाडाव केला, व नकाशे त्याबरोबरच नाहींसे झाले. दुसरी नक्कल आल्यावर मे १८१६ मध्यें कामास आरंभ झाला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं जहाज पाण्यांत उतरलें.

लढाऊ सेवा संपल्यावर १८९७ सालीं त्यास दुसरें नांव मिळालें, आणि १९८६ पर्यंत तरुण मुलामुलींना समुद्रावरील जीवनाचें शिक्षण देण्याच्या कामीं तें उपयोगीं पडलें. पुढें हार्टलपूल येथें त्याची दुरुस्ती झाली, १९९२ सालीं जुनें नांव परत मिळालें, व २००१ सालीं दुरुस्ती पूर्ण झाली. पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत हें सर्वांत जुनें आहे, आणि मुंबईस बसविलेल्या सागाचा मोठा भाग त्याच्या अंगांत अजून कायम आहे. सागांत एक नैसर्गिक तेल असतें. त्यामुळें तो पाण्यानें व किडीनें लवकर कुजत नाहीं, आणि त्यांत ठोकलेलें लोखंडही टिकतें. ओकमधील आम्लानें लोखंड गंजतें. दोनशें वर्षें जहाज तरलें तें अशा, बाहेरून न दिसणाऱ्या गुणांवर.

सांगाडा

प्रतिकृतीचें प्रमाण फुटास अष्टमांश इंच, म्हणजे ९६ स एक, असें धरावें. 'ट्रिंकोमली'ची लांबी तोफांच्या मजल्यावर सुमारें १५० फूट व रुंदी सुमारें ४० फूट आहे. तेव्हां प्रतिकृतीचें अंग सुमारें १९ इंच लांब व ५ इंच रुंद होईल. वर्गांतील बाकावर काम करण्यास हा आकार सोयीचा आहे.

प्रथम ४ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा कणा कापावा. खऱ्या गलबताच्या कण्यास आपले किनाऱ्यावरील सुतार 'पठाण' म्हणतात. कण्यास खांचा पाडून त्यांत आडवे सांचे बसवावे. हे सांचे जहाजाच्या बरगड्यांचें काम करितात. ह्या लांबीस १२ ते १४ सांचे पुरेसे होतात. प्रत्येक सांचा कण्याशीं काटकोनांत आहे कीं नाहीं, हें गुण्यानें पाहूनच सरस लावावा. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढील टोंकाशीं, आकार झपाट्यानें वळतो; म्हणून तेथें सांच्यांमधील पोकळी हलक्या लांकडाच्या ठोकळ्यांनीं भरून तासून घ्यावी. सावंतवाडीचे खेळणीं करणारे कारागीर पांगाऱ्याचें लांकूड वापरीत आले आहेत. तें ह्या कामास उत्तम.

आतां सर्वांत कंटाळवाणें, आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचें काम येतें. मधल्या सांच्यांवर पट्टी सपाट बसते. परंतु टोंकांकडील सांच्यांवरून ती तिरपी जाते. तेथें सांच्याची कड चौकोनी ठेवली, तर पट्टी तिच्या एका कोनावरच टेकेल आणि बाकी जागा पोकळ राहील. म्हणून त्या कडा कानशीनें तिरप्या कराव्या. मग एक लवचिक पट्टी नाळेपासून मागपर्यंत हातानें धरून पाहावी. ती प्रत्येक सांच्यास पूर्ण रुंदीनें टेकली पाहिजे. कोठें अधांतरीं राहतां कामा नये, कोठें उंचवट्यावर चढतां कामा नये. ही परीक्षा एकाच उंचीवर न करितां वरपासून खालपर्यंत दहा-बारा ठिकाणीं करावी. ज्यानें येथें दोन दिवस अधिक घालविले, त्याचे पुढें दहा दिवस वांचतात.

फळ्यांचें गणित

पट्ट्यांचे दोन थर द्यावे. पहिला थर मऊ लांकडाच्या, दीड मिलिमीटर जाड व ४ मिलिमीटर रुंद पट्ट्यांचा. दुसरा अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या चांगल्या लांकडाचा. पहिला थर आकार देतो, दुसरा तो आकार निर्दोष करितो.

सर्व पट्ट्या एकाच रुंदीच्या ठेवून जहाज झांकतां येईल, असें विद्यार्थ्यांस वाटतें. तें कां होत नाहीं, हें मोजून पाहावें. जहाजाच्या मध्यावर वरच्या कडेपासून कण्यापर्यंतचा घेर दोऱ्यानें मोजला, तो १२० मिलिमीटर भरला असें समजा. पट्टी ४ मिलिमीटरची असल्यास तेथें ३० पट्ट्या लागतील. नाळेजवळचा घेर ७५ मिलिमीटर असला, तर त्याच ३० पट्ट्यांस तेथें अवघे अडीच मिलिमीटर मिळतात. अर्थात् प्रत्येक पट्टी मध्यापासून नाळेकडे ४ वरून अडीचपर्यंत हळूहळू निमुळती केली पाहिजे. तशी न केल्यास ती आपल्या शेजारणीच्या उरावर चढते किंवा मुरडून उभी राहते. मात्र पट्टीचें टोंक मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करूं नये. तशी वेळ आल्यास दोन पट्ट्यांऐवजीं पुढें एकच न्यावी. मागील बाजूस कांहीं ठिकाणीं घेर उलट वाढतो. तेथें पडलेल्या फटींत पाचरीसारखे निमुळते तुकडे घालावे. वर्गांत शिकलेल्या त्रैराशिकाचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यानें एकदां हें मोजमाप करून पाहावें.

पट्ट्या बसवितांना चार गोष्टी सांभाळाव्या. पहिली, आरंभ वरच्या कडेपासून करून एक पट्टी डाव्या अंगास लावली कीं पुढची उजव्या अंगास लावावी. एकच बाजू आधीं पुरी केली, तर तिच्या ओढीनें कणा वांकतो, व तो पुन्हां सरळ होत नाहीं. दुसरी, वांकवावयाची पट्टी कोमट पाण्यांत अर्धा तास भिजवून ऊब देत हळूच वळवावी; पाणी व उष्णता ह्यांनीं लांकडाचे तंतू सैल होतात. तिसरी, वळविलेली पट्टी पूर्ण वाळल्याशिवाय चिकटवूं नये. लांकूड भिजलें म्हणजे रुंदींत फुगतें व वाळलें म्हणजे रुंदींत आकसतें; ओली पट्टी आज घट्ट बसलेली दिसली, तरी आठवड्यानें तिच्या कडेला फट पडते. चौथी, सरस सांच्याबरोबरच शेजारच्या पट्टीच्या कडेलाही लावावा, आणि तो सुकेपर्यंत टाचण्यांनीं व कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनीं पट्टी दाबून धरावी.

खऱ्या जहाजांत एक फळी संपून दुसरी सुरू होते ते सांधे एकाखालीं एक येऊं देत नसत. इंग्रजी आरमाराचा नियम असा होता कीं, एकाच बरगडीवर दोन सांधे आले, तर त्यांच्यामध्यें निदान तीन अखंड फळ्या असाव्या. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊं देत नाहीं, त्याचेंच हें कारण. आपल्याकडील कारागीर आणखी एक पाऊल पुढें होते. अठराव्या शतकांत सुरतेस येऊन गेलेल्या युरोपीय प्रवाशांस आश्चर्य वाटलें तें ह्याचें, कीं येथील सुतार फळ्यांच्या कडा नुसत्या एकमेकींस भिडवीत नाहींत, तर एकीस खोबण पाडून दुसरी तींत बसवितात, आणि मध्यें कापसाचा पातळ थर देतात. असा सांधा करण्यास वेळ फार लागे, पण पाणी आंत येत नसे. बाहेरून पाहणारास मात्र तेथें एक सरळ रेघ दिसे, एवढेंच.

कवच पुरें होण्यापूर्वीं, वरून हात जातो तोंवर, आंतल्या बाजूनेंही सांध्यांवर पातळ सरसाचा हात फिरवावा. त्यानें सर्व पट्ट्या एकजीव होतात. पवित्र शास्त्रांत नोहास तारवाविषयीं झालेली आज्ञा वाचणारांस आठवत असेल. तारवास डांबर केवळ बाहेरून नव्हे, तर आंतूनही लावावयाचें होतें.

घासणी

पट्ट्या बसल्यावर कवच खडबडीत दिसतें व मुलांचा धीर खचतो. तो खचूं देऊं नये. प्रथम १२० क्रमांकाचा, मग २२० चा आणि शेवटीं ३२० चा सँडपेपर लांकडाच्या रेषेच्या दिशेनें, लवचिक पट्टीवर ताणून चालवावा. नुसत्या बोटानें घासल्यास खळगे पडतात. खोल फटींत लुकण भरून, वाळल्यावर पुन्हां घासावें. मग डोळे मिटून अंगावरून बोटें फिरवावीं. जो उंचवटा डोळ्यांस दिसत नाहीं, तो बोटांस कळतो. नंतर अंधाऱ्या खोलींत दिवा कवचाच्या अगदीं बाजूस धरावा. तिरप्या उजेडांत प्रत्येक खळग्याची सावली पडते. दोन्ही परीक्षांत उतरेपर्यंत रंगाचा डबा उघडूं नये.

रंग

येथें विद्यार्थ्यांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर येतें. रंग दोष झांकील, अशी त्यांची समजूत असते. आणि ती अगदीं उलटी आहे. रंग लांकडाची जात झांकतो, वळण झांकीत नाहीं. कोऱ्या लांकडावर रेषांच्या गर्दींत उंचवटा लपून राहतो. तोच एकसारख्या काळ्या रंगाखालीं उजेड पडतांच लाटेसारखा उठून दिसतो, आणि रंग जितका तकतकीत तितका दोष अधिक स्पष्ट. म्हणून अस्तराचा पहिला पातळ हात शोभेसाठीं नसून परीक्षेसाठीं असतो. त्यांत जे चरे व खळगे दिसतील ते पुन्हां लुकणानें भरून, घासून, पुन्हां अस्तर द्यावें. हें दोनदां-तीनदां करावें लागलें, तरी कुरकुर करूं नये.

'ट्रिंकोमली'चें अंग काळें, व त्यावर तोफांच्या खिडक्यांच्या ओळींतून जाणारा पांढरा पट्टा, असें आहे. नेल्सनच्या काळीं तो पट्टा पिवळसर असे. पुढें पांढऱ्याची चाल पडली. प्रतिकृतीस आधीं फिका रंग द्यावा, मग गडद. पांढरा पुरता वाळल्यावर पट्ट्याच्या जागीं चिकटपट्टी लावावी, आणि तिच्या कडेवर पुन्हां पांढऱ्याचाच एक पातळ हात द्यावा. म्हणजे फट राहिलीच असेल तर तींत पांढरा शिरून ती बंद होते, आणि वरून दिलेला काळा आंत पाझरत नाहीं. काळा अर्धवट सुकला असतांच चिकटपट्टी मागें दुमडून हळूहळू काढावी. दोन्ही रंगांचे तीन-चार पातळ हात द्यावे. एक जाड हात दिल्यास ओघळ येतात.

मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत दमट हवेनें वार्निशावर पांढरट झांक येते. म्हणून तें काम कोरड्या दिवसांवर टाकावें. पालकांस एक सूचना आहे. घरांतील फार जुने डबे मुलांच्या हातीं देऊं नयेत. पूर्वींच्या तैलरंगांत शिसें असे, व तें मुलांच्या मेंदूस विषारी आहे. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम २०१६ सालीं झाला व नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. मुलांनीं पाण्यांत मिसळणारे रंगच वापरावे. जुना रंग मुळींच घासूं नये.

तांब्याचा तळ

अंग पाटावर अगदीं समतोल ठेवून, एका ठोकळ्यावर पेन्सिल बांधून ती भोंवतीं फिरविली, म्हणजे पाण्याची रेषा सर्वत्र सारख्या उंचीवर उमटते. त्या रेषेखालीं तांबें. उष्ण समुद्रांत लांकडास पोखरणारा एक प्राणी असतो. त्यास जहाजकिडा म्हणतात, पण तो वास्तविक शिंपल्याच्या जातीचा आहे. त्यापासून व तळास चिकटणाऱ्या शेवाळापासून बचाव व्हावा म्हणून तळास तांब्याचे पत्रे ठोकीत. खरा पत्रा सुमारें ४ फूट लांब व १४ इंच रुंद असे. प्रतिकृतींत तो अर्धा इंच लांब व सुमारें ३.७ मिलिमीटर रुंद होतो. चिकट पाठीच्या तांब्याच्या पातळ पट्टीचे असे तुकडे कापून मागून पुढें लावीत यावे. कौलांप्रमाणें पुढच्याची कड मागच्यावर किंचित् यावी. हें न साधल्यास तांबूस रंग दिला तरी चालेल.

ह्या तांब्याच्या इतिहासांत एक धडा आहे. १७६१ सालीं इंग्रजी आरमारानें 'अलार्म' नांवाच्या जहाजास प्रयोगादाखल असे पत्रे लावले. दोन वर्षांनीं पाहिलें तों पत्रे शाबूत, पण त्यांखालील लोखंडी खिळे झिजून गेलेले! कांहीं ठिकाणीं पत्र्याखालीं वेष्टणाचा तपकिरी कागद राहून गेला होता. तेवढ्याच जागचे खिळे चांगले होते. खाऱ्या पाण्यांत तांबें व लोखंड एकमेकांस लागलीं, म्हणजे विजेचा घट तयार होतो आणि त्यांत लोखंड झिजतें, हें आतां आपण पदार्थविज्ञानांत शिकतों. पुढें खिळे व बोल्टही तांब्याच्या मिश्रधातूचे वापरूं लागले. वरचें आवरण झळाळत असतां आंतला खिळा कुजत जाणें, हें सर्वांत मोठें संकट. कारण तें शेवटपर्यंत दिसत नाहीं.

उत्तर

जमशेटजी वाडियांविषयीं एक कथा सांगतात. १८०० सालीं त्यांनीं 'कॉर्नवॉलिस' नांवाचें जहाज बांधलें. गोरे लोक हिंदी कारागिरांचा उल्लेख ज्या तुच्छ शब्दांनीं करीत, तेच शब्द घेऊन, हें जहाज अशा एका काळ्या माणसानें बांधलें, अशा अर्थाचीं अक्षरें त्यांनीं आंतल्या एका लांकडावर, सहज कोणाच्या नजरेस न पडतील अशा जागीं कोरून ठेविलीं. अनेक वर्षांनीं तें जहाज दुरुस्तीस आलें, तेव्हां तें टिकलेलें पाहून त्यांनीं तीं अक्षरें दाखविलीं. अपमानाचें उत्तर त्यांनीं वाद घालून दिलें नाहीं. कामाच्या आंतल्या बाजूस लिहून ठेवलें, आणि तें वाचण्याचें काम काळाकडे सोंपविलें.

पालकांच्या प्रश्नास आमचें उत्तर हेंच आहे. पाठांतरानें परीक्षा उतरतां येते. अस्तराच्या हातापुढें पाठांतर चालत नाहीं. पट्टी ओली लावली कीं सुकी, कड तासली कीं तशीच सोडली, हें मुलगा एकटाच जाणतो. आणि तें उघडकीस येतें तें पुष्कळ उशिरां. जो मुलगा कोणी पाहत नसतां सांच्याची कड पुन्हां एकदां तासतो, त्याच्या गणिताच्या वहीकडे आम्ही निर्धास्तपणें पाहूं शकतों. आपला प्रभु नासरेथांत सुताराच्या घरीं वाढला, आणि बाहेरून चुना लावून शुभ्र केलेल्या कबरांची उपमा त्यानें कोणास दिली, हें आपण जाणतों. ज्यानें हातांत रंधा धरला होता, त्यास वरवरच्या रंगाची किंमत ठाऊक होती.

तेव्हां विद्यार्थी मित्रहो, रंग केव्हां द्यावयाचा, असें पुन्हां विचारूं नका. दिवा बाजूस धरा, डोळे मिटा, आणि बोटें फिरवा. बोटें कोठेंही अडलीं नाहींत, म्हणजे कुंचला हातीं घ्या.